सुरतहून आणलेली गाडी: हप्ता आपला, कागदही आपलाच हवा



आखाजीला माहेरी आलेल्या बहिणी परत जातात, सुरतहून आलेले भाऊ परत जातात, आणि जाता जाता एक वाक्य घरात ठेवून जातात. "सुरतमा गाडी स्वस्त शे." आपल्या साक्री, नवापूर, शिरपूर, अमळनेर, पारोळा भागातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी उधन्याला नाहीतर लिंबायतला राहतं. मागावर, साडीच्या मार्केटात, टेम्पोवर काम करतं. तिथं त्यांना जुन्या चारचाकी दिसतात, भाव आपल्यापेक्षा कमी वाटतो. मग फोन येतो, फोटो येतो, आणि पुढच्या मासिक बैठकीत आपल्या गटातली एखादी ताई कर्जाचा अर्ज ठेवते.

गाडी घेऊ नका असं सांगायला मी आज आलेली नाही. दुसऱ्या राज्यातून आणलेली जुनी गाडी आपल्या दारात उभी राहिली, की पहिल्या महिन्यात काय काय करायचं, तेवढंच सांगणार आहे. हे मी पुस्तकातून शिकले नाही. आमच्या एका गटात चूक झाली, त्यात माझाही वाटा होता, त्यातून शिकले.

साक्री तालुक्यातल्या एका गावात आमच्या गटात एक अक्का आहेत. नाव सांगत नाही. त्यांच्या मालकांच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा धुळ्याला डायलिसिस. एसटीत गर्दी, परत येताना माणसाला उभं राहवत नाही, म्हणून भाड्याची गाडी. एका खेपेला बाराशे रुपये. महिन्याचे दहा हजारांच्या आसपास नुसते भाड्यात जायचे. अक्कांच्या भावानं सुरतला एक छोटी सीएनजी गाडी पाहिली, किंमत एक लाख पस्तीस हजार. गटानं एक लाख कर्ज दिलं, पस्तीस हजार अक्कांनी पोत विकून घातले. त्या बैठकीत मी होते. कर्जाचे कागद मी नीट तपासले. गाडीचे कागद मात्र मी पाहिलेच नाहीत. भाऊ तिथंच राहतो, त्यानं पाहिलं असेल, असं धरून चालले.

अक्कांचा मुलगा गाडी घेऊन निघाला. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर सगळं ठीक. विसरवाडी सोडून कोंडाईबारीचा घाट लागला आणि काटा लाल रेषेवर गेला. बोनेटमधून वाफ. घाबरून त्यानं रेडिएटरचं झाकण उघडलं. उकळतं पाणी हातावर आलं. पंधरा दिवस हाताला पट्टी होती. रेडिएटरचा रबरी पाइप कुजलेला होता, तो फुटला होता. पाइप स्वस्तातला होता, पण वेळेवर कुणी पाहिला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात डायलिसिसच्या दिवशी पहाटे गाडी चालूच होईना. बॅटरी संपलेली. शेजारची गाडी मिळेपर्यंत दहा वाजले, दवाखान्यातली वेळ दुसऱ्या पेशंटला गेली. त्या रात्री अक्कांच्या मालकांना धाप लागली, झोपता येईना, उशीला टेकून बसून रात्र काढली. दुसऱ्या दिवशी जागा मिळाली म्हणून बरं. ती रात्र अक्का अजून विसरलेल्या नाहीत, आणि मीही नाही.

आणि मग कागद. आरसीवर ज्याचं नाव, तो गाडी विकणारा माणूस नव्हताच. विकणारा मधला दलाल. आरसीवर मालकाच्या नावाखाली एका कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव होतं. आपल्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो, अगदी तसाच हा गाडीवरचा बोजा. तो उतरल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. मालकानं कर्ज केव्हाच फेडलं होतं, पण बोजा उतरवायचं राहून गेलं होतं. तो मालक शोधायला, कंपनीचं पत्र आणायला, सुरतच्या आरटीओचा दाखला मिळवायला चार महिने लागले. या काळात विमा संपला, तो कुणाच्या लक्षात आला नाही. एकदा तपासणीत गाडी अडवली, दोन हजार दंड भरला. दंडाचं सोडा. त्या महिन्यात गाडीखाली कुणी आलं असतं तर? अक्कांचं घर गेलं असतं.

तर भगिनींनो, आता एकेक गोष्ट. कागद-पेन असेल तर लिहून घ्या.

पैसे देण्याआधी

आरसी हातात घ्या. फोटो चालणार नाही. मालकाचं नाव, नोंदणीची तारीख, इंधन, चासी नंबर, इंजिन नंबर वाचा आणि गाडीवर कोरलेल्या नंबराशी एकेक आकडा जुळवा. मोबाइलवर एम-परिवहन नावाचं सरकारी ॲप आहे. त्यात गाडीचा नंबर टाकला की नोंदणी कधीची, विमा कधीपर्यंत, बोजा आहे का, हे दिसतं. जुने ई-चलान थकले असतील तर तेही ऑनलाइन पाहता येतात. ते चुकते करूनच गाडी घ्या.

गाडीचं वय पाहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढं पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं, पण त्याला गाडीची तपासणी आणि वेगळा पर्यावरण कर लागतो. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली, तेव्हापासून तिकडच्या जुन्या गाड्याही दलालांकडून आपल्या भागात येतात. स्वस्त आहे म्हणून तेरा वर्षांची गाडी घेतली, तर दोन वर्षांत पुन्हा खर्च उभा राहतो.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखा. आपली तापी भुसावळवरून जाते तीच पुढं सुरतला समुद्राला मिळते. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं सुरतचा मोठा भाग बुडाला होता. आजही मोठ्या पावसात तिथल्या सखल वस्त्यांत पाणी शिरतं. बुडालेली गाडी धुऊन, अत्तर मारून विकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. आतल्या टोकाला मातीचा डाग असतो. स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, सीटखालच्या लोखंडाला गंज, कुबट वास, दिव्याच्या काचेत आतून ओल, यातलं काही दिसलं तर परत फिरा. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेनं गाडीचा तळही गंजतो, तेव्हा गाडी वर घेऊन खालून पाहायला लावा.

आणि एक. कोऱ्या फॉर्मवर सही केलेले कागद घेऊन गाडी आणू नका. आरसीवरच्या मालकासमोरच व्यवहार करा, त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या, आणि गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती करा. त्या वेळेआधी गाडीनं काही केलं तर ते त्याचं, नंतर आपलं.

गाडी आणल्यावर कागदांचा महिना

दुसऱ्या राज्यातली गाडी आपल्या नावावर करायला पाच-सहा कागद लागतात. जुन्या आरटीओचा ना-हरकत दाखला, त्याला फॉर्म २८ म्हणतात. त्यासाठी चासी नंबरचा पेन्सिलनं उमटवलेला ठसा लागतो. विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. बोजा असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि कर्ज देणाऱ्याचं पत्र. आपल्या राज्यात नवा नंबर घेण्यासाठी फॉर्म २७. सोबत विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा. आपल्या कर विभागाचा हिशेब गाडीच्या वयावर असतो. जुनी गाडी, कमी कर. तो किती येईल हे पैसे मोजण्याआधीच धुळ्याच्या किंवा जळगावच्या आरटीओत विचारून घ्या, कारण स्वस्त गाडीतला स्वस्तपणा बऱ्याचदा इथंच संपतो.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्यात लिहिलंय, गाडी घेणाऱ्यानं ३० दिवसांच्या आत आपल्या आरटीओला कळवायचं. "दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिने चालते" असं दलाल सांगतो. ती मुदत गाडी तात्पुरती इकडं ठेवणाऱ्या मालकासाठी आहे. मालकच बदलला तर ३० दिवसच.

विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाच्या विम्यात समोरच्या माणसाच्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. जुन्या मालकाला मिळणारी बोनसची सूटही त्याच्याकडंच राहते. विम्याची तारीख गटाच्या रजिस्टरमध्ये कर्जाच्या हप्त्याशेजारी लिहा. आम्ही आता तसंच करतो.

जुना फास्टॅग मालकाकडून बंद करून घ्या, आपल्या नावाचा नवा लावा. सगळं झालं की जीजे ०५ जाऊन एमएच १८ किंवा एमएच १९ येईल, आणि उच्च सुरक्षेची नवी नंबरप्लेट लागेल.

मिस्तरीकडं एक दिवस

गाडी आणल्यावर "नुकतंच सर्व्हिसिंग केलंय" यावर विश्वास ठेवू नका. आम्ही अक्कांच्या गाडीवर दुसऱ्यांदा जो खर्च केला तो सगळा मिळून अकरा हजार होता. तो पहिल्याच आठवड्यात केला असता तर घाटही निभावला असता आणि ती रात्रही आली नसती. म्हणून गाडीच्या किमतीचा दहावा भाग बाजूला ठेवूनच गाडी घ्या. तेवढे पैसे नसतील तर थोडी कमी किमतीची गाडी पाहा.

ऑइल: इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर बदला. बदलण्याआधी जुनं ऑइल पट्टीवर पाहा. काळं असेल तर फक्त जुनं झालंय. पण दुधाच्या चहासारखं दिसलं तर इंजिनमध्ये पाणी शिरतंय. तो खर्च मोठा असतो, पैसे देण्याआधी हे पाहिलेलं बरं.

पाणी: आपल्या बोअरच्या पाण्यानं चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो ना? तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. मग वैशाखात, पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा इंजिन तापतं. रेडिएटर धुऊन त्यात कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर घाला. रबरी पाइप दाबून पाहा. कडक झालेला, चिरा गेलेला किंवा चिखलासारखा मऊ झालेला पाइप लगेच बदला. पंखा फिरतो का पाहा. आणि गाडी तापली तर कडेला थांबा, इंजिन बंद करा, अर्धा-पाऊण तास तसंच राहू द्या. गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. अक्कांच्या मुलाचा हात आठवा.

ब्रेक: ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ओल धरलेलं ऑइल घाटात उतरताना उकळतं आणि ब्रेक दाबला तरी पाय नुसता खाली जातो. साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. जुन्या गाडीत ते कधी बदललं कुणाला माहीत? म्हणून आल्याबरोबर बदला. पॅड आणि लायनर उघडून पाहायला लावा.

टायर: टायरच्या बाजूला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी चांगली दिसते, पण रबर वाळून चिरा गेल्या असतील तर उन्हाळ्यात महामार्गावर तो फुटू शकतो. चारही चाकांबरोबर स्टेपनीही पाहा. जॅक आणि पाना गाडीत आहे का, तेही पाहा. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असतं. हवा गाडी थंड असताना तपासा.

बॅटरी: टोकांवर पांढरी पूड दिसली तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून, जुन्या ब्रशनं साफ करा, कोरडं करून व्हॅसलिन लावा. बॅटरी किती जुनी आहे ते तिच्यावरच्या खुणेवरून मिस्तरीभाऊ सांगतात. दवाखान्यासाठी गाडी घेतली असेल तर बॅटरीत काटकसर करू नका.

सीएनजी: सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते. तिची तारीख सिलिंडरवरच्या पट्टीवर असते. ती पाहा. आरसीवर इंधनाच्या जागी सीएनजी लिहिलं नसेल तर किट नोंद न करता बसवलंय. अशा गाडीच्या अपघातात विमा अडचणीत येतो. गॅसचा वास आला तर व्हॉल्व्ह बंद करा, सगळी दारं उघडा, सगळ्यांना खाली उतरवा, चावी फिरवू नका.

हवेचा फिल्टर: आपल्याकडं रब्बीच्या मळणीत आणि कपाशीच्या दिवसांत धूळच धूळ. पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा लवकर तो झटकावा, बदलावा लागतो. आणि गाडी कडब्याच्या गंजीशेजारी उभी करू नका. उंदीर बोनेटमध्ये शिरून वायरी कुरतडतात.

वायपर, दिवे, सगळे सीटबेल्ट, हॉर्न, हातब्रेक हे शेवटी पाहा. यातलं काही छोटं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

कागद तयार झाले तेव्हा आरटीओचा फॉर्म भरताना अक्कांच्या मुलानं विचारलं, "नाव माझंच टाकतो ना?" अक्का गप्प होत्या. गटाच्या अध्यक्षा मावशी म्हणाल्या, "कर्ज कोणाच्या नावावर आहे रे भाऊ?" तो म्हणाला, "आईच्या." मावशी म्हणाल्या, "पोत कोणी विकली?" तो म्हणाला, "आईनं." मावशी म्हणाल्या, "मग?"

भगिनींनो, मुलगा वाईट नव्हता. त्याला तसं सुचलंच नव्हतं. आपल्यालाही सुचत नाही. हप्ता आपण भरतो, थकला तर गटासमोर मान खाली आपली जाते, आणि गाडी, घर, शेत दुसऱ्याच्या नावावर. आज अक्कांची गाडी अक्कांच्या नावावर आहे. चालवतो मुलगा. त्याचं त्याला काही वाईट वाटलेलं नाही, उलट विम्याची तारीख तोच आईला आठवून देतो.

आमच्या गटानं त्यानंतर ठराव केला. जुन्या गाडीसाठी कर्ज मागितलं तर बैठकीत आधी मूळ आरसी ठेवायची. मालक आणि विकणारा एकच हवा. बोजा नसावा. गाडी घेण्याआधी मिस्तरीला दाखवायची, त्याची फी गट देईल. दुरुस्ती आणि नोंदणीचा खर्च कर्जाच्या हिशेबात आधीच धरायचा. आणि गाडी कर्ज घेणाऱ्या बाईच्या नावावर झाल्याची प्रत दोन महिन्यांत रजिस्टरला लावायची. काही घरांत कुरबुर झाली. एका ताईंचा अर्ज आम्ही मागं ठेवला, त्या रुसल्या. पण तीन आठवड्यांनी त्याच गाडीचा दुसराच मालक निघाला, तेव्हा त्यांनीच बैठकीत सांगितलं.

रोजची सवय एवढीच ठेवा. सकाळी गाडी चालू करण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारा. खाली तेल किंवा पाणी सांडलंय का, चाक बसलंय का, पाहा. आठवड्यातून एकदा ऑइल आणि कूलंटची पातळी बघा. हे काम पुरुषांचंच आहे असं नाही. गाडी चालवता येत नसली तरी पट्टी काढून ऑइल पाहता येतं. डाळ शिजली की नाही हे आपण एका दाण्यावरून ओळखतो, ऑइलचा रंग तर त्याहून सोपा.

अक्कांच्या गाडीनं आता धुळ्याची एकही खेप चुकवलेली नाही. गटाचे हप्ते वेळेवर येतात. परवा त्या बैठकीला आल्या, तर त्यांच्या बोटाला काळं लागलेलं होतं. कुणीतरी विचारलं, "अक्का, हे काय?" म्हणाल्या, "ऑइल बघितलं सकाळी. उद्या डायलिसिस आहे."

तुमच्या गटात कुणी गाडी घेत असेल तर हे भाषण तिला ऐकवा, नाहीतर हे पान फाडून तिच्या हातात द्या.